काटा कोणी उचलायचा

झोळी काट्यापाशी येऊन थांबली. चौघांच्या खांद्यावर बांबू, बांबूला दोन्ही टोकांनी बांधलेली गोधडी, गोधडीत माझा भाऊ. ओल्या लाकडावर करवत फिरवावी तसा त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. ओठ जांभळे पडले होते. समोर वाटेवर आडव्या टाकलेल्या खैराच्या आणि बोरीच्या फांद्या, माणसाच्या छातीएवढ्या उंच. त्यांच्या पलीकडे ॲम्ब्युलन्स दार उघडून उभी होती आणि दाराशी सिस्टर. इतकी जवळ की तिच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. भर दुपार होती.

चौघांपैकी कोणी हात पुढे केला नाही.

"काटा काढा," मी म्हणाले.

"कोन काढल?" पुढचा म्हणाला. तो माझा भाचा, भावाचाच मुलगा. "ज्यानं टाकला तो झोळीत हाय."

बाहेरचा माणूस ऐकेल तर म्हणेल, ही माणसं वेडी आहेत. वेडी नव्हती. आमच्या वाडीत रोगराई आली की वाट बंद करतात, आणि ज्याने काटा टाकला त्यानेच तो उचलायचा असतो. दुसऱ्या कोणी उचलला तर काट्याने अडवून धरलेला रोग टाकणाऱ्याच्या अंगावर जातो आणि त्याला घेऊन जातो. हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. म्हणजे भाचा आडमुठेपणा करत नव्हता. काटा उचलला तर बाप मरेल अशी त्याची खात्री होती. आणि नाही उचलला तर बाप मरत होताच, ते त्याला खांद्यावर ऐकू येत होतं.

तिथपर्यंत कसे आलो ते सांगते.

आमची वाडी पनवेलच्या बाहेर, डोंगराच्या पायथ्याशी. आम्ही कातकरी. पूर्वी आमची माणसं खैराचा कात पाडायची, आता भट्टीवर विटा पाडतात. दिवाळी झाली की निम्मी वाडी ट्रकात बसून भट्टीवर जाते आणि पावसाआधी परत येते. बाकीची उलव्याच्या बाजूला बांधकामावर, नाहीतर कोणाच्या तरी शेतावर. मी चौथीपर्यंत आश्रमशाळेत शिकले, लग्न होऊन सासरी गेले, नवरा मेल्यावर बापाच्या वाडीत परत आले. पनवेलमध्ये एका बिल्डिंगचे जिने झाडायला जाते. पुष्कळ वर्षं झाली. तिथे सगळे मला मावशी म्हणतात. नाव कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

काटा टाकायचं काम आमच्या घराण्याकडे. आज्याकडे होतं, मग बापाकडे, बापानंतर भावाकडे आलं. तो माझ्यापेक्षा लहान. ओहोळावर अंघोळ करायची, नारळ फोडायचा, फांद्यांचे शेंडे बाहेरच्या बाजूला ठेवून वाट बंद करायची. काटा उचलेपर्यंत टाकणाऱ्याने दाढी करायची नाही, मासळी खायची नाही. त्याच्या बायकोने चूल विझू द्यायची नाही आणि वाडीबाहेर पाऊल टाकायचं नाही. दाढीचं भावाला काही नव्हतं. मासळीचं होतं. करंज्याच्या बंदरावरून सुकी मासळी घेऊन एक बाई यायची. काटा असला की ती बाहेरच टोपली ठेवून बसायची आणि वास वाऱ्याबरोबर आत यायचा. भाऊ घरात जाऊन बसायचा आणि भावजय त्याला चिडवायची, "रोग अडवलास, बांगडा अडवून दाखव."

काटा असतो तो मोठ्या वाटेवर, जिथून गाडी येते. आपल्या माणसांसाठी करवंदीच्या जाळीतून एक पायवाट आहे. एक माणूस वाकून जाईल एवढीच. काटा परक्याला. आपल्या माणसाला काटा नाही. असं कोणी ठरवलेलं नव्हतं, ते तसंच होतं.

रोगाच्या पहिल्या वर्षी, सगळं बंद झालं तेव्हा, भावाने काटा टाकला. भट्टीवाल्याने आमची माणसं तिकडेच ठेवून घेतली, बिल्डिंगवाल्यांनी मला येऊ नको सांगितलं. वाडीत कोणी आलं नाही, वाडीतून कोणी गेलं नाही. कोणाला साधा खोकला झाला नाही. शेजारच्या वाडीतला एक जण मात्र दवाखान्याच्या गाडीतून गेला तो परत आला नाही. त्याचं मढंही मिळालं नाही. त्याच्या माणसांनी त्याला माती दिली नाही. आमच्यात यापेक्षा वाईट काही नाही. मरण समजतं. माती न मिळणं समजत नाही.

थंडी पडल्यावर भावाने काटा उचलला. बोकड कापला. लोक त्याला आधीही मान द्यायचे, आता त्याच्या शब्दाला वजन आलं. त्यालाही ते आवडलं, का नाही आवडणार.

दुसऱ्या वर्षी सुई आली.

मी सुई घेतली ती शहाणपणाने नाही. बिल्डिंगच्या वॉचमनने गेटवर अडवलं. "मावशी, सुई घेतल्याशिवाय आत सोडायचं नाही, कमिटीने सांगितलंय." वर्षभर घरात बसून काढलं होतं, पुन्हा बसायची इच्छा नव्हती. गेले आणि टोचून घेतली. रात्री अंग तापलं, दुसऱ्या दिवशी उठवेना. झालं, वाडीला बघायला मिळालं. बायका दारात येऊन उभ्या राहायच्या, आत यायच्या नाहीत. सुई घेतलेला माणूस दोन वर्षांत मरतो, असं भट्टीवरून कोणीतरी फोनवर कळवलं होतं. माझी सुरुवात झालेली दिसत होती.

भावजय तेवढी आत आली. डोक्याशी बसली आणि घरात सगळीकडे बघून घेतलं.

"बाय, तुजा हंडा तांब्याचा ना?"

"तांब्याचा."

"नाय, आपलं सांगून ठेवते. मेलीस तर तो मला. नायतर ती पलीकडची घेऊन जायल."

"पेज आणलीस का नुसता हंडाच बघायला आलीस?"

"आणली की," ती म्हणाली आणि पदराखालून वाटी काढली. ती अशीच होती. मनात काही ठेवायची नाही, पोटात दुसऱ्याला घालायची.

तिसऱ्या दिवशी मी कामावर गेले. भाऊ त्यानंतर रोज सकाळी माझ्या दारावरून जाताना विचारायचा, "हाय का अजून?" मी म्हणायचे, "हाय. चहा पिऊन जा, मेल्यावर मिळायचा नाय." तो चहा प्यायचा. चेष्टा होती, पण बशीवरून माझ्याकडे बघायचा ते चेष्टेचं नव्हतं.

मग सिस्टर यायला लागली. तिशीतली बाई, स्कूटीवर निळी पेटी, पेटीत बर्फ. रोगाच्या बातम्या पुन्हा वाढल्या होत्या म्हणून भावाने पुन्हा काटा टाकला होता. ती पलीकडे, वाडी अलीकडे. पहिल्या दिवशी तिने फांदीला हात लावला तसे सगळे ओरडले. तिने हात मागे घेतला, पुन्हा लावला नाही. बाहेरूनच बोलायची.

"दादा, ऐका तरी. म्हाताऱ्या माणसांना आधी देऊ."

"सिस्टर, तुमी चांगल्या हाव," भाऊ म्हणाला. "पन गेल्या साली सुई नव्हती, काटा व्हता. आमच्यातला कोन मेला?"

"गेल्या वर्षीचं वेगळं होतं."

"रोग तोच ना?"

"तोच. पण या वर्षी वाढलाय."

"मग काटा बी वाढवतो."

सगळी वाडी हसली. सिस्टरही हसली. असं हसून घेणं तिच्या अंगवळणी पडलेलं दिसत होतं.

एक म्हातारी पुढे झाली. "सुई टोचून आमाला मारायचं नि डोंगरापर्यंत जागा मोकळी करायची, असंच ना? तिकडं उलव्याला इमान उडनार, हिकडं बिल्डिंगी."

"आजी, मला स्वतःला पनवेलात खोली मिळत नाही. मी कुणासाठी जागा मोकळी करू?"

म्हातारीला ते पटल्यासारखं दिसलं, पण ती मागे सरकली नाही. बाकीचेही सरकले नाहीत. त्यात नवल नाही. मी नवी नवरी होते तेव्हा जीप यायची आणि पुरुषांना धरून ऑपरेशनला न्यायची. जीपचा आवाज आला की माणसं डोंगरात पळायची. माझा चुलता पळाला नाही, त्याला वाटलं सरकार धान्य वाटायला आलंय. त्याला पुढे मूल झालं नाही. सरकारी पेटी घेऊन आलेलं माणूस गोड बोलतं, हे वाडीला सिस्टरच्या जन्माआधीपासून माहीत होतं.

सिस्टरने मला गाठलं. मी पायवाटेने कामाला निघाले होते. "मावशी, तुम्ही घेतलीय ना? तुम्ही सांगा त्यांना."

"सांगितलं."

"काय सांगितलं?"

"घेतली, ताप आला, मेले नाय."

"एवढंच?"

"मला एवढंच माहीत हाय."

 मला अजून काही बोलता आलं असतं, पण जे माहीत नाही ते मी बोलत नाही.

वैशाखात भट्ट्या बंद झाल्या. आमची माणसं रस्त्यावर ट्रकातून उतरली. भाचा, त्याची बायको, कडेवरचं पोर, आणखी घरं, एक म्हातारा. भाचा खोकत होता. धुरानं होतं, म्हणाला. भट्टीवर सगळ्यांनाच होतं, ते खरंच होतं. भाऊ स्वतः पायवाटेने खाली गेला आणि नातवाला खांद्यावर घेऊन वर आला. इतका आनंदात मी त्याला कधी बघितला नव्हता. पोराने त्याची वाढलेली दाढी धरून ठेवली होती.

सिस्टर त्या दिवशीही काट्याबाहेर होती. करवंदीच्या जाळीतून एकेक माणूस गाठोडं घेऊन आत शिरताना तिने बघितलं. मी परत येत होते, मला हाक मारली.

"मावशी, हे सगळे आत गेले."

"आमचीच माणसं हायत."

"आधी तपासायला हवं होतं त्यांना. दोघं तर खोकतायत." ती काट्याकडे बघत राहिली. "मग हे कुणासाठी लावलंय?"

ती टोमणा मारत नव्हती, खरोखर विचारत होती.  घरी जाऊन मी भावाला सांगितलं, भट्टीवरून आलेल्यांना चार दिवस बाहेर माळावर राहू दे. पूर्वी देवीच्या आजारात राहायचे.

"पोराला काटा लावू?" तो म्हणाला. नातू मांडीवर झोपला होता. त्याने आवाजही चढवला नाही. मी उठून आले.

मग वाडी खोकायला लागली. भट्टीवरून आलेला म्हातारा आधी गेला. त्याला आम्ही माती दिली, सगळे गेलो, सगळे जवळ बसलो, जसं बसतात तसं. भाचा बरा झाला. पोराला नुसतं नाक वाहिलं. भाऊ पडला. भावजय त्याला काढा द्यायची, छातीला तेल लावायची, आणि चुलीत लाकूड सारायची. तीही खोकत होती, पण पदर तोंडाला लावून, पाठ करून.

एके दिवशी सकाळी भाऊ बोलेनासा झाला. एक शब्द बोलला की पुढच्या शब्दासाठी थांबायचा. मी सिस्टरला फोन लावला. ती म्हणाली गाडी घेऊन येते, त्यांना खाली आणा.

भावजय आडवी आली. "गाडीत गेलेला परत नाय येत. माती कोन देल?"

"इथं मेला तर तू देशील. आधी मरू तर दे."

"बाय, तुला जिबेला हाड नाय."

"नाय. पोरा, बांबू आण."

भाच्याने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि बांबू आणायला गेला. आधी बापाला पाठीवर घेऊन पायवाटेने न्यायचं बघितलं, पण छाती दाबली गेली आणि त्याचा श्वासच अडकला. म्हणून झोळी. आणि झोळी पायवाटेने जात नाही. मोठ्या वाटेनेच जावं लागणार होतं. हे सगळ्यांना माहीत होतं. चालायला लागलो तेव्हा प्रत्येकाला वाटत असेल की पोचेपर्यंत काहीतरी होईल.

काही झालं नाही. काटा तिथेच होता.

"बापाचा हात लावू या," कोणीतरी म्हणालं. भाच्याने झोळी खांद्यावर धरूनच एका हाताने बापाचा हात बाहेर काढला आणि फांदीवर ठेवला. हात घसरून खाली लोंबला. पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. उचलायचा असतो, नुसता हात लावून चालत नाही. मी भावाच्या तोंडाशी वाकले. "उचलू का?" विचारलं. त्याचे डोळे माझ्याकडे होते. तो श्वास घेण्याच्या कामात होता.

पलीकडून सिस्टर म्हणाली, "मावशी, ऑक्सिजन आहे गाडीत." हळू म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"मी उचलते," मी म्हणाले. "एकाच बापाची हाय मी."

भावजय वाडीच्या कडेला, शेवटच्या झोपडीशी उभी होती. त्यापुढे ती येऊ शकत नव्हती. तिथून म्हणाली, "तू दिलेली लेक. तुजा हात चालत नाय."

"मग तुज्या नवऱ्याला चालतंय का बघू."

साडीचा पदर हाताला गुंडाळला आणि फांदी ओढली. खैराचा काटा वाकडा असतो, पदरात अडकला की सुटत नाही. पदर सोडला आणि नुसत्या हातांनी ओढल्या. फांद्या एकमेकांत गुंतवलेल्या होत्या, माझ्या भावाने त्या चांगल्या गुंतवल्या होत्या, बापाने शिकवल्या तशा. मला कोणी मदत केली नाही. सिस्टर पलीकडून एक पाऊल पुढे आली आणि मी तिला नको म्हणाले. माझ्या हातांनी झालं ते पुरे होतं, परक्याचा हात लागला असता तर भाच्याने झोळी खाली ठेवली असती. झोळीपुरती फट झाली. भाच्याने डोळे मिटले आणि चालायला लागला.

दवाखान्यात मला आत सोडलं नाही, कोणालाच सोडत नव्हते. मी दिवसा बाहेर झाडाखाली बसायचे आणि संध्याकाळी बिल्डिंगमध्ये जिन्याखाली झोपायचे, कमिटीने तेवढं करू दिलं. आतून रोज एकदा निरोप यायचा. आहे तसा आहे. आहे तसा आहे. शेजारी उरणकडचे एक मुसलमान चाचा बसायचे, त्यांची बायको आत होती. ते मला खजूर द्यायचे आणि म्हणायचे, खा बहन, बसून राहायलाही ताकद लागते. 

वाडीत भावजयीला धाप लागली. भाच्याने मला फोनवर सांगितलं. सिस्टर गाडी घेऊन गेली होती, फटीत उभी राहून हाका मारत होती. भावजय आली नाही. "काटा त्यांच्या हातानं उचलला नाय, म्हंजे उचललाच नाय," असं ती म्हणाली. नियम मोडला होता तो मी, त्याची फेड नवऱ्याच्या जिवाने होऊ नये म्हणून उरलेले नियम ती दुप्पट पाळत होती. वाडीबाहेर पाऊल टाकायचं नाही. चूल विझू द्यायची नाही. भाच्याने तिला उचलून न्यायचं बघितलं तर तिने झोपडीच्या मधल्या खांबाची मेढ धरून ठेवली.

मी फोनवर म्हणाले, "तिच्या कानाला लाव." लावला. मी म्हणाले, "ये खाली. हंडा देते."

ती हसली, खोकली. म्हणाली, "आधी मर."

दुसऱ्या दिवशी ती गेली. वाडीने तिला माती दिली. मी नव्हते. भाचा म्हणाला, चूल गरम होती.

लोक अजून म्हणतात की मी काट्याला हात लावला म्हणून रोग भावावर न जाता भावजयीवर गेला. बोलू देत. हात लावला नसता तर भाऊ तिथेच काट्यापाशी गेला असता आणि तिला धाप लागायची ती लागलीच असती. पुन्हा वेळ आली तर पुन्हा लावीन. पण ती मेढ धरून बसली होती ते नवऱ्यासाठी, हेही खरं. मी तिला अडाणी म्हणणार नाही.

भाऊ परत आला तोवर पहिला पाऊस पडून गेला होता. त्याचं वजन निम्मं झालं होतं. गाडी फटीपाशी थांबली. त्याला भावजयीचं तिथेच सांगितलं. तो गाडीच्या पायरीवर बसला. मग त्याने बघितलं की फटीतून जायची वाट गवताने भरली आहे. इतके दिवस तिथून कोणी गेलं-आलं नव्हतं. माणसं पायवाटेनेच जात होती. उघडी असून वाट बंदच होती. सिस्टरही बाहेरच, निळी पेटी घेऊन.

"पोरा, खैराच्या फांद्या आन," भाऊ म्हणाला.

"आता कशाला रं?" मी विचारलं.

"बाय, तू गप ऱ्हा. खूप केलंस."

भाच्याने फांद्या आणल्या. उरलेल्या ढिगावर भावाने त्या स्वतः रचल्या, बसून, एकेक. मधे मधे थांबून श्वास घेत होता. फट बुजली. सिस्टरने माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं, पुन्हा बंद केली. मी तिला हाताने थांब म्हटलं. भाच्याने नारळ दिला, भावाने तो दगडावर आपटला, फुटला नाही, पुन्हा आपटला. मग तो तसाच जमिनीवर बसून एकेक फांदी ओढून बाजूला टाकायला लागला. सगळी वाडी उभी होती. कोणी पुढे झालं नाही, होऊ शकत नव्हतं. दोनदा तो पाठीवर टेकला. ऊन वर चढलं. शेवटची फांदी त्याने दोन्ही हातांनी ओढली आणि तिच्याच बाजूला आडवा झाला.

"या आता," तो सिस्टरला म्हणाला.

ती आत आली. पेटी ठेवली. भावाने बाही वर केली. हाताची नुसती काठी झाली होती.

सिस्टरचा चेहरा पडला. "दादा, तुम्हाला आत्ता नाही देता येणार. आजारातून उठलाय. तीन महिने थांबावं लागतं."

वाडीत कुजबुज सुरू झाली. मागची म्हातारी म्हणाली, "बगा. त्याला नको म्हनते. म्हंजे आमालाच द्यायची."

सिस्टर खाली बसली. खरंच जमिनीवर बसली, डोक्याला हात लावून. मला तिची कीव आली, आणि कंटाळाही आला, सगळ्यांचाच. माझी दुसरी सुई राहिली होती. मी बाही वर केली. "मला दे. ह्यांना बघायची सवय हाय."

तिने टोचली. म्हातारी जवळ येऊन बघत होती. "दुखलं?"

"मुंगी चावल्यासारखं."

"खोटं नको बोलू."

"इंगळी चावल्यासारखं. आता झालं समाधान?"

ती हसली, पण तिने घेतली नाही. भाच्याने घेतली, त्याच्या बायकोने घेतली. काहींनी भट्टीवाला दाखला मागेल म्हणून घेतली, काहींनी आधीच डोंगराची वाट धरली होती. निम्मी वाडी, म्हणा. भावाने आपली सुई पुढे दसऱ्याच्या आसपास घेतली. त्या दिवशी त्याने मला विचारलं, "हाय का अजून?" मी म्हणाले, हाय.

त्या उन्हाळ्यात आमच्या वाडीतून भट्टीवरचा म्हातारा गेला आणि माझी भावजय गेली. भाचा, त्याची बायको आणि पोर जगले. भाऊ जगला. त्याला चढ चढवत नाही. मी जगले.